कलम सात

“एक हात पुरे,” शमीमबाई म्हणाल्या.

“पुरत नाही,” मी म्हणालो.

“माणूस अडला की एक हात वर करतो, साहेब. पहिलीपासून शिकलेला असतो. बाई, पाणी. बाई, एकीला जाऊ? एक हात.”

“टोपी सावरायलाही एकच हात लागतो. ऊन अडवायला एक, ओळखीचा माणूस दिसला की हलवायला एक. सड्यावर अडीचशे माणसे असणार. दर मिनिटाला वीस हात वर जातील. त्यांतला अडचणीचा कोणता, हे मी दीडशे पावलांवरून कसे ओळखावे?”

शमीमबाईंनी आधारासाठी हर्षदकडे पाहिले. हर्षद फोनमध्ये पाहत होता.

“दोन्ही हात माणूस उगीच वर करीत नाही,” मी पुढे म्हणालो. “दोन्ही हात वर म्हणजे संकट. त्यातून दुसरा अर्थ निघत नाही. आणि नियमातून दुसरा अर्थ निघता कामा नये.”

“हे बोलत नाहीत,” कुमुद म्हणाली, “वाचून दाखवतात.”

ती पडवीच्या कडेला बसून बिरडे सोलत होती. भिजवून मोड आणलेला वाल डाव्या मुठीत, आणि उजव्या हाताचे अंगठा नि तर्जनी एकसारखी चालू. सालीतून दाणा सुटे आणि उडी मारल्यासारखा वाडग्यात पडे. तिला त्याकडे पाहावेही लागत नसे.

ही आठ वर्षांपूर्वीची, नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट. आमचे मंडळ डबीशोधाचे. कोणी एकाने रानात, डोंगरात कोठेतरी लहानशी डबी दडवायची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, आणि इतरांनी हातातल्या यंत्रावरून ती शोधून आतल्या चिमुकल्या वहीत सही करून पुन्हा होती तशी ठेवायची, असा हा खेळ. जगात त्याला जिओकॅशिंग म्हणतात. भूमापन खात्यात चौतीस वर्षे मी दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी शोधल्या. निवृत्तीनंतर डब्या शोधू लागलो. फारसा फरक नव्हता.

दोघे-तिघे जाऊन शोधत होतो, तोवर या खेळाला नियमांची गरज नव्हती. मग हर्षद पालशेतकर चिटणीस झाला. तो संगणकातला माणूस, उत्साही. त्याने वार्षिक सामूहिक शोध सुरू केला. पहिल्याच वर्षी मांडवखोलच्या सड्यावर एकशे ऐंशी माणसे आली. कोणीतरी “मिळाली!” म्हणून ओरडले, आणि एकशे ऐंशी माणसे त्या आवाजाच्या दिशेने धावली. शेताचा दगडी गडगा पंधरा हात ढासळला, एका मुलीचे दोन दात पडले, आणि मोकळ्या वाटेने गुरे शिरून कुळीथ खाऊन गेली. दुसऱ्या वर्षी परवानगी मागायला गेलो, तेव्हा सरपंच गोताड म्हणाले, “या वर्षाला बगतो. गडग्याचा येक दगड जरी हलला, तर पुढल्या वर्षाला यायचा तरास घेऊ नका.”

म्हणून नियम मी लिहिले. शमीम मुकादम हायस्कुलात शारीरिक शिक्षण शिकवीत. गर्दी हाकण्याचा त्यांचा हातखंडा. रांगा, शिट्ट्या, मनगटावरच्या रंगीत फिती, चुन्याच्या फक्कीने आखलेले रिंगण, एकाच दिशेने चालण्याची वाट, हे सारे त्यांचे. एका वेळी चाळीसांची एकच तुकडी रिंगणात, अर्धा तास. बाकीच्यांनी मांडवात थांबायचे. पण रिंगणातल्या चाळीस जणांचे काय? ओरडणारा एक निघाला, तरी गर्दी होणारच. त्यावरचा उपाय माझा होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

कलम चार : डबी दृष्टीस पडल्यास तिला स्पर्श न करता, काहीही न बोलता, किमान वीस पावले दूर जावे आणि निरीक्षकाकडे तोंड करून जमिनीवर बसावे.

कलम पाच : बसलेल्या व्यक्तीशी कोणीही बोलू नये, तिच्याजवळ थांबू नये.

बसला तो जिंकला. निरीक्षक (म्हणजे मी) नाव आणि वेळ टिपील. अर्ध्या तासाने शिट्टी होईल. पहिला बसलेला उठेल, डबी दाखवील, आणि वहीच्या पहिल्या ओळीवर त्याचे नाव लागेल. कोणी ओरडणार नाही, कोणी धावणार नाही.

“आणि बसलेल्याला भोवळ आली तर?” असे शमीमबाईंनी विचारले, त्यातून कलम सात निघाले. अस्वस्थ वाटल्यास बसलेल्या व्यक्तीने दोन्ही हात डोक्यावर उंच धरावेत. निरीक्षक तत्काळ शोध थांबवील.

“समजा, एकच हात वर झाला,” शमीमबाई म्हणाल्या. “मग?”

“तो हात कलमात नाही.”

“हर्षद, तू बोल की रे काही.”

“काकांचं लॉजिकल आहे, मॅडम,” हर्षद म्हणाला. “सारखा शोध थांबायला लागला तर पब्लिक कंटाळेल.”

शमीमबाईंनी पर्स उचलली. “साहेब, तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा सहावी ब परवडली.”

“त्या सहावी बमध्ये निदान सुट्टी तरी होते,” कुमुद म्हणाली. “इथे बत्तीस वर्षं तास चालू आहे.”

त्या दोघी हसल्या. मी कलम सात शाईने लिहून घेतले.

शमीमबाई निघताना कुमुद त्यांना म्हणाली, “बाई, यंदा मी शोधायला उतरणार आहे हो. नऊ वर्षं ह्यांच्या मागून चालतेय. मला दिसायच्या आत ह्यांना दिसते, आणि मी आपली खाली सही करते, लग्नाच्या साक्षीदारासारखी. यंदा हे मचाणावर. पहिल्या ओळीवर माझं नाव.”

“आणि नाही सापडली तर, वहिनी?”

“तर पुढच्या वर्षापासून मी घरी. हे आणि ह्यांची कलमं.”

ती हे हसत म्हणाली. पण बत्तीस वर्षांत तिचे कोणते हसणे थट्टेचे आणि कोणते नव्हे, एवढे मला कळत होते. त्याच संध्याकाळी मी हर्षदला दूरध्वनी करून सांगितले, की डब्या त्याने एकट्यानेच दडवाव्यात आणि मला जागा सांगू नयेत. माझी पत्नी स्पर्धेत आहे. मला ठाऊक असणे बरोबर नाही.

“काका, तुमच्यावर कोण संशय घेणार?”

“प्रश्न संशयाचा नाही,” मी म्हणालो.

शोधाच्या दिवशी आम्ही साडेसातला सड्यावर पोहोचलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे मोकळे पठार. गवत वाळून पिवळे झालेले, मध्येच करवंदीच्या जाळ्या, कडेने रचीव दगडांचे गडगे, आणि पश्चिमेला खाली समुद्राची एक पट्टी. शमीमबाईंनी आदल्या दिवशीच फक्की मारून ठेवली होती. रिंगणाच्या उत्तरेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी करून तिच्यावर माझी खुर्ची, माझे निशाण, ध्वनिक्षेपक, नोंदीचा कागद लावलेली फळी आणि दुर्बीण.

कुमुदने माझी जुनी मोजणीवरची पांढरी टोपी घातली होती. हिरवी फीत घेऊन ती ट्रॉलीपाशी आली आणि तिने मनगट पुढे केले.

“बांधा हो जरा. एका हाताने गाठ बसत नाही.”

“निरीक्षकाने स्पर्धकाची फीत बांधू नये,” मी म्हणालो. “लोक पाहतात. शमीमबाईंकडे जा.”

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. “बरं, निरीक्षकसाहेब,” ती म्हणाली आणि गेली. शमीमबाईंनी फीत बांधली, वर काहीतरी बोलल्याही. दोघी माझ्याकडे पाहून हसल्या.

नऊला पहिली तुकडी सुटली. चाळीस माणसे रिंगणात पसरली, यंत्रे पाहत, वाकत, दगडांच्या फटींत डोकावत. सतराव्या मिनिटाला एक तरुण शांतपणे चालत बाजूला गेला आणि बसला. कोणी ओरडले नाही. मग आणखी एक बसला, मग दोन मुली. शिट्टी झाली, पहिला उठला, डबी दाखवली, टाळ्या झाल्या, आणि तुकडी ओळीने बाहेर पडली. नऊ चाळीसची तुकडीही तशीच. सरपंच गोताड दुसऱ्या तुकडीच्या वेळी आले आणि ट्रॉलीला टेकून उभे राहिले.

“मास्तर,” ते म्हणाले. ते सर्वच शिकलेल्यांना मास्तर म्हणत. “ह्ये बरं क्येलंत. आमच्या ग्रामसभेत लावा ह्यो कायदा. बोललास की बस खाली.”

“बोललास की नव्हे, सापडले की.”

“आमच्याकडं दोनी येकच.”

दहा वीसला हिरवी तुकडी सुटली. कुमुद घाईने आत गेली नाही. बाकीचे मध्याकडे गेले; ती पश्चिमेच्या कडेकडे वळली. मी दुर्बीण उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. एकाच स्पर्धकाकडे दुर्बिणीने पाहणे योग्य नव्हते. नुसत्या डोळ्यांना ती पांढरी टोपी दिसत होती. करवंदीच्या जाळीपाशी ती वाकली, उभी राहिली, पुन्हा वाकली. मग तिथून निघाली. चाल थोडी विचित्र वाटली. एक पाय ओढल्यासारखी. तिला गुडघ्यांचा त्रास होता. मी पावले मोजली. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस. ती एका बुटक्या खडकापाशी आली, तोंड माझ्याकडे केले, आणि बसली.

मी घड्याळ पाहिले. दहा वाजून सत्तावीस मिनिटे. सातव्या मिनिटाला. पहिल्या दोन्ही तुकड्यांत इतक्या लवकर कोणालाच सापडली नव्हती. मी फळीवर लिहिले : १०.२७ — कुमुद केळुसकर — प्रथम. अक्षर नेहमीपेक्षा मोठे आले.

थोड्या वेळाने गोताड म्हणाले, “ती बाय तुमास हात करतेय.”

मी पाहिले. तिने डावा हात वर केला होता. खांद्याच्या थोडा वर, सावकाश, पुन्हा खाली.

“त्या माझ्या पत्नी,” मी म्हणालो. “त्यांना सापडली आहे.”

“अरे वा! म्हंजे सांगतेय तुमास.”

“सांगायचे नसते,” मी म्हणालो.

गोताड हसत मांडवाकडे वळले. तिने पुन्हा हात वर केला. मला हसू आले. नऊ वर्षे मागून चालल्याचे आज ती वसूल करीत होती, आणि तेही चाळीस माणसांदेखत, निरीक्षकाला. मी खुर्चीतून थोडा उठलो, तिला स्पष्ट दिसेल असे उजव्या हाताचे बोट ओठांवर ठेवले, आणि मान हलवली. तिचा हात खाली आला. त्यानंतर तो वर झाला नाही.

माणसे तिच्या बाजूने जात होती. नियम त्यांनी नीट वाचला होता. तिच्याजवळून जाताना ती मान वळवीत. निळ्या टोपीचा एक गृहस्थ मात्र तिच्यापुढे थांबला, थोडा वाकला, आणि मग त्याने ट्रॉलीकडे पाहिले. मी निशाण आडवे हलवले : पुढे व्हा. तो पुढे झाला. मी त्यानंतर तिच्याकडे पाहण्याचे टाळले. मी सारखा तिच्याकडे पाहत राहिलो असतो, तर इतरांना डबीची दिशा कळली असती.

दहा एकोणचाळीसला दुसरा बसला. मग एक-एक करीत आठ जण. दहा पन्नासला मी शिट्टी वाजवली आणि ध्वनिक्षेपक हाती घेतला.

“हिरवी तुकडी. प्रथम क्रमांक, वेळ दहा सत्तावीस, कुमुद केळुसकर.”

रिंगणात टाळ्या झाल्या. मांडवातले लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हर्षदने शिट्टीही मारली. बाकीचे बसलेले उठून उभे राहिले. कुमुद बसून होती. लोकांना वाटले, वयस्क बाई आहेत, उठायला वेळ लागतो. म्हणून टाळ्या चालूच राहिल्या. मी पुन्हा नाव पुकारले. टाळ्या वाढल्या.

शमीमबाई रिंगणाच्या दाराशी होत्या. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले, आणि फक्कीची रेघ ओलांडून धावल्या. त्या दिवशी सड्यावर धावलेले ते एकटेच माणूस. मी ट्रॉलीवरून उतरलो आणि आखलेल्या वाटेने चालत गेलो. आडवे गेलो असतो तर साठेक पावले वाचली असती.

ती खडकाला टेकली होती. टोपी एका बाजूला सरकली होती आणि तोंडही. उजवा हात मांडीवर पालथा पडला होता, कोणी दुसऱ्याने ठेवल्यासारखा. डोळे उघडे होते. मी समोर गेल्यावर तिने माझ्याकडे पाहिले आणि काहीतरी बोलण्याचा प्रयत्न केला. ‘अ’सारखा एक आवाज निघाला, पुन्हा तोच निघाला.

“वहिनी, नका बोलू,” शमीमबाई म्हणाल्या. “नका बोलू. साहेब, जीप. साहेब! जीप!”

जीप गोताडांची. निघताना मी मागे पाहिले. चौथी तुकडी, निळ्या फितींची, चार रांगांत उभी होती. कोणी जागा सोडली नव्हती. गडग्याचा एकही दगड हलला नव्हता.

रत्नागिरीतल्या रुग्णालयात बारा दहाला पोहोचलो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, केस घट्ट बांधलेल्या.

“हे कधी सुरू झालं, काका? साधारण?”

“दहा वाजून सत्तावीस मिनिटांनी.”

“नक्की?”

मी खिशातून फळीवरचा कागद काढून दाखवला. त्यांनी तो वाचला. ‘प्रथम’ या शब्दावर त्या किंचित थांबल्या.

“फार बरं झालं,” त्या म्हणाल्या. “बहुतेक लोक सांगतात, सकाळी कधीतरी. वेळ माहीत नसली तर मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येत नाही.”

मग त्या कुमुदवर वाकल्या आणि मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, “काकू, माझं ऐकू येतंय ना? शाब्बास. आता दोन्ही हात वर करा बघू. दोन्ही.”

कुमुदचा डावा हात वर आला. खांद्याच्या थोडा वर, सावकाश. उजवा चादरीवर तसाच राहिला.

“उजवा पण, काकू. दोन्ही. प्रयत्न करा.”

डावा हात अजून वर गेला.

“राहू दे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून नेहमीच्या आवाजात सांगू लागल्या. “हीच तपासणी असते, काका. दोन्ही हात वर करायला सांगायचं. या आजारात दोन्ही हात वर होत नाहीत. एकच होतो.”

मी म्हणालो, “बरोबर.”

शमीमबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांच्या गळ्यात शिट्टी होती.

“उजवा हात,” मी डॉक्टरीणबाईंना विचारले, “सुरुवातीपासूनच उचलता आला नसेल?”

“बहुधा. का?”

“नोंदीसाठी.”

इंजेक्शन दिले. काही परत येईल, काही येणार नाही, असे त्या म्हणाल्या. तेवीस मिनिटे आधी आणले असते तर काय झाले असते, असे मी विचारले. तसे सांगता येत नाही, असे त्या म्हणाल्या. मी तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

तीन आठवड्यांनी मंडळाची सभा झाली. कुमुद घरी आली होती. तिच्याजवळ तिची बहीण होती. सभा नेहमीप्रमाणे हर्षदच्या घरी. त्याने निवेदन तयार केले होते. तो चांगला मुलगा. तो उभा राहून वाचू लागला.

“‘सदर घटनेबाबत मंडळास अत्यंत खेद आहे. तथापि, कलम सातनुसार अस्वस्थतेची खूण निश्चित केलेली होती. हात वर झाले नव्हते, त्यामुळे निरीक्षकांना परिस्थितीची कल्पना येणे शक्य नव्हते. यात कोणाचाही दोष नाही, असे मंडळाचे मत आहे.’ काका, चालेल? काही बदल?”

सगळे माझ्याकडे पाहत होते; आपुलकीने पाहत होते. मसुदा माझ्यापुढे आला, की मी त्यात बदल सुचवतो, हे त्यांच्या सवयीचे होते. बहुधा, मी काहीतरी सुचवावे म्हणजे मी पूर्ववत होतो आहे असे दिसेल, असे त्यांना वाटत असावे.

“तिसऱ्या वाक्यात,” मी म्हणालो. “‘हात वर झाले नव्हते’ हे अचूक नाही. ‘दोन्ही हात वर झाले नव्हते’ असे लिहा.”

“हो, बरोबर, दोन्ही,” हर्षद म्हणाला आणि लिहू लागला.

शमीमबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. 

“म्हणजे एक झाला होता,” त्या म्हणाल्या.

हर्षदचे लिहिणे थांबले.

“हो.”

“तुम्ही पाहिलात?”

“दोनदा.”

हर्षदची आई आतून पोह्यांच्या बशा घेऊन येत होती, दारातच थांबली.

मी वाट पाहत होतो. कलम सातवर त्या काय बोलतील आणि मी काय उत्तर देईन, हे सारे मी रुग्णालयाच्या बाकावर बसून जुळवून ठेवले होते. दीडशे पावलांचे अंतर, वीस हात, अर्थाची निश्चिती. मला वाद हवा होता. शमीमबाई उठल्या. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, तिची दोरी बोटांभोवती नीट गुंडाळली आणि ती मेजावर, माझ्यापुढे ठेवली.

“वहिनींना मी उद्या भेटायला येते,” त्या म्हणाल्या. “तुम्ही घरी असलात तरी चालेल.”

निवेदन दुरुस्तीसह संमत झाले. बोट ओठांवर ठेवल्याचे मी सभेत सांगितले नाही. ते कोणी विचारले नव्हते. ते ठाऊक असलेले माणूस एकच होते, आणि त्याला बोलता येत नव्हते.

मांडवखोलचा शोध अजून दर वर्षी होतो. गोताडांनी परवानगी कायम ठेवली. गर्दीची व्यवस्था उत्तम होती, असे त्यांनी ग्रामसभेत सांगितले म्हणे. मी नंतर गेलो नाही. हर्षदने त्या दिवशीची हिरव्या तुकडीची वही मला आणून दिली. पहिल्या ओळीवर त्याच्या अक्षरात लिहिले आहे : कुमुद केळुसकर, १०.२७. त्या गडबडीत डबी कोणी उघडली नव्हती. संध्याकाळी त्याने ती काढली आणि आपण होऊन ते नाव लिहिले. डबी करवंदीच्या जाळीच्या बुंध्याशी होती, असे तो म्हणाला. ती वाकली होती ती जाळी तीच का, हे मी त्याला विचारले. तिथे तीन जाळ्या आहेत, काका, असे तो म्हणाला. वही कपाटात आहे.

कुमुद आता काठी घेऊन पडवीपर्यंत चालते. उजवा हात कामाचा नाही. काही शब्द परत आले : हो, नको, चहा, पुरे. शमीमबाईंचे नाव अर्धे आले, ‘शम्मी’ म्हणते. बाई दर रविवारी येतात, तिच्या हाताचे व्यायाम करून घेतात, शाळेतल्यासारखे आकडे मोजतात, आणि माझ्याशी हवापाण्याचे बोलतात. माझे नाव आले नाही. पण ती मला नावाने कधी हाक मारीतच नव्हती, तेव्हा त्यावरून काही ठरत नाही. काही हवे असले, की ती डावा हात वर करते. मी उठतो.

गेल्या आठवड्यात हर्षदचा दूरध्वनी आला. मंडळ स्मरणिका काढीत आहे. आजवरच्या सामूहिक शोधांतल्या प्रथम शोधकांची यादी छापायची आहे.

“काकूंचं नाव घालतोय, काका. तिसरी तुकडी. वहीत आहेच.”

“वहीत ते तू लिहिले आहेस.”

“हो, पण फळीवर तुम्ही लिहिलं होतं.”

“मी ती बसल्याची वेळ लिहिली होती,” मी म्हणालो. “विचारून कळवतो.”

ती पडवीत आपल्या खुर्चीत होती. मी शेजारी पाटावर बसून बिरडे सोलत होतो. आठ वर्षे झाली, तरी मला ते नीट जमत नाही. निम्मे दाणे फुटतात. ती पाहत असते. पूर्वी फुटक्या दाण्याला ती ‘नको’ म्हणे. हल्ली म्हणत नाही.

“कुमुद,” मी म्हणालो, “सड्यावर त्या दिवशी. तुला डबी सापडली होती का?”

आठ वर्षांत हा प्रश्न मी तिला विचारला नव्हता. तिने माझ्याकडे पाहिले. घाई केली नाही. समोरच्या रस्त्याने एक रिक्षा गेली, तिचा आवाज वळणापलीकडे जाऊन थांबला.

मग तिचा डावा हात वर येऊ लागला. मी सवयीने वाडगा बाजूला ठेवून अर्धा उठलो. हात खांद्यापर्यंत आला. तिथून वर गेला नाही. तो तोंडाकडे वळला. तिने बोट ओठांवर ठेवले, आणि माझ्याकडे पाहत मान हलवली. तोंडाची डावी बाजू, जी हलते ती, थोडी हलली.

मी पुन्हा खाली बसलो, आणि वाडगा पुढे ओढला.